अकरा मिनिटं उशीर

सांत दानियेलच्या खोऱ्यात, ओढ्यावरच्या छोट्या दगडी पुलाशी, मारियोनाला आधी आडवी पडलेली सायकल दिसली. मग सायकलच्या पलीकडे, गवतात आडवा पडलेला माणूस.

जिरोना शहर मागे टाकून पुरते चार किलोमीटरही झाले नव्हते. एवढ्यात अपघात? तिने करकचून ब्रेक दाबला, खडी उडाली, आणि ती धावतच त्याच्यापाशी गेली.

"काय झालं? मी बोलतेय ते ऐकू येतंय का?"

त्या माणसाने डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं.

"तुमचं येतंय," तो हळूच म्हणाला. "आता त्याचं ऐकू द्या."

ती गप्प राहिली तेव्हा तिलाही ऐकू आलं. ओढ्याकाठच्या झुडपात नाइटिंगेल गात होता. भर सकाळी, उन्हात, अगदी हाताच्या अंतरावर. आधी थांबत थांबत, काहीतरी आठवत असल्यासारखा... मग एकदम जीव तोडून. ओढ्याचं पाणी खळखळत होतं, ओल्या पुदिन्याचा वास येत होता. मारियोना गुडघ्यांवर तशीच बसून राहिली.

पक्षी उडाला. माणसाने डोळे उघडले. तपकिरी होते, आणि त्यांत ओशाळेपणा अजिबात नव्हता.

"मी शेवटचा का?"

"हो."

"बरं झालं. म्हणजे मागून कुणाची घाई नाही."

"मागून मी आहे," मारियोना म्हणाली.

तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. अंगात नारिंगी जाकीट, आणि सायकलच्या सीटमागे उभा बांधलेला एक छोटासा झाडू. सायकलफेरीत सगळ्यांच्या मागून येणाऱ्याला तिकडे झाडूच म्हणतात. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच्या पुढेही जायचं नाही. खराखुरा झाडू बांधायची कल्पना मात्र रेमेईमावशीची. जुन्या शहरात मावशीचं सायकलींचं दुकान होतं. दर मे महिन्यात ती ही फेरी काढायची. पंच्याऐंशी किलोमीटर, सगळे खडीचे आणि मातीचे रस्ते, आधी गावार्रेसच्या डोंगरातलं जंगल, मग तेर नदीच्या काठाकाठाने परत. जाड टायरच्या ग्रॅव्हल सायकली घेऊन तीनशे माणसं यायची. मारियोना त्याच दुकानात काम करायची, आणि फेरीच्या दिवशी गेली दोन वर्षं तिने सगळ्यांत मागची सोडून दुसरी जागाच मागितली नव्हती.

"म्हणजे आज दिवसभर तुम्ही माझ्या मागे?" तो उठत म्हणाला.

"तुम्ही शेवटचे राहिलात तर."

"त्याची काळजी करू नका," तो म्हणाला. "ते मला जमेल."

त्याचं नाव फेरिओल. वय तेहेतीसच्या आसपास. हँडलवर नंबर दोनशे चौदा. सायकलवर चढताना त्याने डावा पाय हाताने उचलून पलीकडे टाकला, ते मारियोनाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंनी पिवळ्या फुलांची झुडपं इतकी फुलली होती की डोंगराला हळद लागल्यासारखं वाटावं. मधासारखा वास येत होता, आणि उन्हाबरोबर वाढत होता. तो पुढे, ती मागे. तो बोलायचा ते मान वळवून, खांद्यावरून, आणि मान वळवली की सायकलही वळायची.

"समोर बघा."

"समोर काय आहे? दगड. मागे बरंय."

"दगडांवर पडलात तर मला पट्टी बांधावी लागेल."

"बघा, म्हणजे दोन्हीकडून फायदाच."

मारियोना हसली नाही. पण हसू ओठांपर्यंत आलं होतं, आणि तो पाठमोरा असल्यामुळे ते लपवावं लागलं नाही.

पुढचा चढ उभा होता. तो उतरून सायकल ढकलू लागला. तीही उतरली.

"तुम्ही कशाला उतरलात? तुम्ही तर हा चढ गाणं म्हणत चढाल."

"तुम्ही चाललात की मी चालायचं. तुम्ही थांबलात की मी थांबायचं."

"इतकं चांगलं माझ्याशी आजवर कुणी वागलं नाही," तो म्हणाला. "आईसुद्धा."

आता मात्र ती हसली. तो लगेच थांबला, वळून तिच्याकडे बघत राहिला, आणि मग परत चालायला लागला.

"तुम्ही करता काय?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"चर्चमधले ऑर्गन सुरात लावतो. गावोगावचे. कुठे भाता फाटलेला असतो, कुठे नळीत चिमणीचं घरटं असतं."

"त्यावर पोट भरतं?"

"माझं भरतं. लहान आहे."

"आणि पाय?"

तिने विचारायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"नोव्हेंबरात शिडीवरून पडलो. मांडीचं हाड मोडलं. पडता पडता कोपर पट्ट्यांवर बसलं आणि ऑर्गन असा काही बोंबलला की पाद्रीबाबा धावत आले. मला नाही, ऑर्गनला काय झालं ते बघायला." मग आवाज जरा उतरला. "डॉक्टर म्हणतात पाय बरा झाला. पायाला अजून पटलेलं नाही... शिडीपाशी गेलो की थरथरतो. सोमवारी आमच्या उस्तादांना शेवटचं सांगायचंय, वर चढणार की वर्कशॉपमध्ये बसून नळ्या पुसणार. त्यांचंही वय झालं. मी नाही म्हटलं तर ते दुसरा माणूस बघतील."

"मग आज हे कशाला?"

"आज हे पंच्याऐंशी किलोमीटर या पायाने केले," तो म्हणाला, "तर सोमवारी शिडीच्या सतरा पायऱ्या त्याला सांगता येतील. असा आपला माझा हिशेब."

मारियोनाने मनातल्या मनात वेळ मोजली. पंचावन्नाव्या किलोमीटरला तेर नदीवरचा जुना लोखंडी पूल, आणि पुलावर दुपारी दोनची मर्यादा. दोननंतर येईल त्याचा नंबर काढून घ्यायचा आणि त्याला गाडीत बसवायचं. हा नियम तिनेच करायला लावला होता. आदल्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ नदीकाठच्या झाडीत चुकले होते, अंधार पडल्यावर सापडले, तापाने फणफणलेले. असं परत व्हायला नको म्हणून तिनेच मावशीपाशी हट्ट धरला होता.

आताच्या चालीने गेलं तर पूल गाठता आला असता. जेमतेम.

गावार्रेसच्या जंगलात शिरल्यावर ऊन तुटक झालं. ज्यांच्या सालीचं बाटल्यांचं बूच होतं, ते ओक इथे दूरवर पसरलेत. गेल्या उन्हाळ्यात साल सोललेली खोडं गडद तांबडी दिसत होती, कमरेपर्यंत कुणी रंगात बुडवून काढल्यासारखी. वाटेवर वाळलेली पानं, त्यांवर सावलीची जाळी, आणि चार चाकांखाली बारीक खडीची कुरकुर... मारियोनाला जाणवलं की या वाटेवरून ती आजवर शेकडो वेळा गेली असेल, पण इतक्या हळू कधीच नाही. हळू गेलं की जंगल अंगाला लागतं.

एका वळणावर झरा होता. दगडी कुंडीत पाण्याची बारीक धार पडत होती. फेरिओलने तोंड धुतलं, पाय लांब करून बसला आणि पाठीवरच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. शुशो होता, मऊ गोड मलई भरून तळलेला, जिरोनातल्या कुठल्याही बेकरीत मिळतो तसा. पण आता पार चेपून गेलेला.

"सकाळी हा सुंदर होता," तो म्हणाला. "तुमच्यासारखा."

"आणि आता?"

"आता तो माझ्यासारखा आहे. घ्या अर्धा."

तिने घेतला. बोटांना मलई लागली, साखर ओठांना. तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. एकला दहा कमी. आता निघायला हवं होतं. लगेच.

"निघायचं का?" त्यानेच विचारलं. त्याच्या हातात घड्याळ नव्हतं. "झाडूबाई म्हणतील तसं."

मारियोनाने तोंड उघडलं ते निघू या म्हणायलाच. पण पाण्याची धार पडत होती, एक निळा चतुर कुंडीच्या कडेवर येऊन बसला होता, आणि तो तिच्याकडे असा बघत होता की जणू जगात तिच्या उत्तराशिवाय दुसरं काही यायचंच नाहीये.

"बसू जरा," ती म्हणाली.

आणि मग जे तिने मावशीलाही धड सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. ती सहा वर्षं शर्यतीत सायकल चालवत होती, संघातून, पगारावर. शेवटची शर्यत परदेशात झाली. पाऊस, चिखल, आणि तिचे पाय संपलेले. सगळ्या पुढे निघून गेल्या. तिच्या मागे फक्त एक गाडी राहिली, शेवटच्यांना उचलणारी. तासभर ती गाडी मागून येत होती. वायपरचा आवाज येत होता, इकडून तिकडे, इकडून तिकडे. शेवटी चढावर तिने पाय टेकवला. ड्रायव्हर उतरला, त्याने तिच्या पाठीवरचा नंबर काढला, दार उघडलं.

"रेडिओवर फुटबॉलची मॅच चालू होती," मारियोना म्हणाली. "ती तो ऐकत होता. पूर्ण रस्ताभर. माझं नावसुद्धा विचारलं नाही त्याने. संघाने त्याच महिन्यात मला सोडलं, त्याचं इतकं वाईट नाही वाटलं. पण त्या मॅचचं... मला वाटलं, शेवटच्या माणसाबरोबर कुणीतरी असावं. बोलणारं."

"म्हणून तुम्ही मागे राहता."

"म्हणून."

"मला वाटलं होतं, माझ्यासाठी."

तिने पाणी उडवलं त्याच्या अंगावर. त्याने चुकवलं नाही. केसांतून पाणी निथळत असताना तो शांतपणे म्हणाला, "त्या ड्रायव्हरने नाव विचारायला हवं होतं. मारियोना. उच्चारायला किती बरं वाटतं."

त्यानंतर ते किती वेळ बसले ते तिला कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल. तिला नेमकं कळत होतं. प्रत्येक मिनिट.

झऱ्यानंतर सगळा उतारच होता. आता ती भराभर बोलू लागली. "ब्रेकवरची बोटं सैल करा. खडी हलते, तिला हलू द्या. हात आवळले की पडाल. नजर लांब ठेवा, चाकाखाली नाही." आधी तो भीत भीत, खडखडत गेला. मग एका वळणानंतर त्याचे खांदे सैल झाले. सायकल वाहत्या पाण्यासारखी वाट शोधत चालली. ओकची झाडं दोन्ही अंगांनी सरसर मागे जात होती, सदऱ्यात वारं भरलं होतं, आणि पाठमोऱ्या माणसाचा आनंदही दिसू शकतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

खाली गव्हाची शेतं लागली. त्यांत पॉपीची लाल फुलं. तो थांबला, धापा टाकत म्हणाला, "परत एकदा वर जाऊन येऊ या?"

"पुढे बघा आणि चला," ती म्हणाली. तिच्या आवाजात घाई होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पेडल मारायला लागला. आता तो जोर लावत होता. सपाट रस्त्यावर त्याचा डावा पाय मधेच अडखळायचा, तो दात आवळायचा, आणि पुन्हा जोर लावायचा. मारियोना मागून कधी त्या पायाकडे बघत होती, कधी घड्याळाकडे.

नदी आली. काठावर पॉप्लरच्या झाडांच्या रांगा, आणि त्यांचा पांढरा कापूस हवेत तरंगत होता. जमिनीवर, पाण्यावर, पुलाच्या लोखंडावर, जिथे तिथे कापूस. पुलाच्या तोंडाशी गाडी उभी होती, आणि गाडीपाशी हातात यादी घेऊन रेमेईमावशी.

"दोन वाजून अकरा मिनिटं," मावशी म्हणाली.

"मावशी, अकराच..."

"नियम कुणाचा, मारियोना?"

फेरिओलने मारियोनाकडे बघत विचारलं, "यांचा का?"

"माझाच," ती म्हणाली.

"मग बरोबरच असणार," तो म्हणाला. त्याने सायकल तिच्यासमोर उभी केली आणि हँडल धरून ठेवलं, तिला नंबर काढायला सोपं जावं म्हणून.

मावशीने पक्कड दिली. नंबर प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांनी बांधलेला होता. पहिली सहज तुटली. दुसरीपाशी ती थांबली. ही अकरा मिनिटं माझी आहेत, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, पूर्ण, आयतं. पण मावशी उभी होती, गाडीवाला उभा होता, आणि ते वाक्य तिने गिळलं.

"सॉरी," एवढंच ती म्हणाली.

"तुम्ही कशाला? उशिरा आलो तो मी." तो हसायला गेला, पण चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, आणि हात नकळत मांडीवर गेला होता. "चला. हिशेब चुकला माझा."

"सोमवारचं..."

"सोमवारचं सोमवारी."

मावशीने यादी पाहिली. "आता शेवटच्या त्या ओलोतच्या दोघी बहिणी. शाळेत शिकवतात ना, त्या. अर्धा तास पुढे गेल्यात. जा, गाठ त्यांना."

मारियोना हलली नाही.

"जा," फेरिओल म्हणाला. "बरोबर कुणी नसलं की फार वाईट वाटतं. तुम्हीच सांगितलंत."

त्या दोघी बहिणी चांगल्या होत्या. तिला संत्र्याच्या फोडी दिल्या, आपल्या मांजरीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. मारियोना हो हो म्हणत राहिली. नदीकाठची वाट सावलीची होती, कापूस अलगद उतरत होता, पाण्यावरून गार झुळूक येत होती. इतका सुंदर रस्ता, आणि तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला तो उघड्या दाराच्या गाडीत बसलेला दिसत होता. आणि रेडिओ चालू असेल का, एवढंच तिच्या मनात येत होतं.

साडेपाचला जिरोनाच्या देवेसा बागेत, उंच उंच चिनारांखाली, त्या बहिणींनी हात वर करून फेरी संपवली. टाळ्या वाजल्या. टेबलांवर पाव, टोमॅटो, सॉसेज. मारियोना एका बाजूला जाऊन उभी राहिली. मावशी फोनवर कुणाला तरी झापत होती. फोन ठेवून ती तडक तिच्याकडे आली.

"तुझा तो ऑर्गनवाला गाडीत बसलाच नाही. नंबर नाही तर नाही म्हणाला आणि निघाला सायकल घेऊन. माझी जबाबदारी संपल्याचं सही करून देऊन गेलाय शहाणा." मग तिने भाचीकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "का गं? रडतेयस?"

"नाही. पॉप्लरचा कापूस गेलाय डोळ्यांत."

"देवेसा बागेत पॉप्लर नाहीत, पोरी."

मारियोनाने नारिंगी जाकीट काढलं, घडी घातली आणि मावशीच्या हातात दिलं. "माझं काम झालं ना आजचं?"

"झालं. जेव तरी."

"येते," ती म्हणाली. मावशीने टेबलावरचा एक पाव उचलून तिच्या खिशात कोंबला, मग आणखी एक.

ती निघाली तेव्हा सहा वाजत आले होते. मे महिन्यातलं ऊन अजून लांब होतं, पण तिरपं झालं होतं. नदीच्या प्रवाहाबरोबर, आल्या वाटेने ती उलटी निघाली. आज पहिल्यांदाच तिला वेगात जायचं होतं. जुने पाय जागे झाले. खडी मागे उडत होती. दहा किलोमीटर. बारा. चौदा. प्रत्येक वळणावर तिला वाटायचं, आता... आणि वाट रिकामी असायची.

पंधराव्या किलोमीटरला, पॉप्लरच्या दोन रांगांमधून, तो समोरून आला.

संथ. अगदी संथ. केसांत कापूस, मिशीच्या कोपऱ्यात कापूस. दिवसभर तिने त्याची पाठच पाहिली होती. आता तो समोरून येत होता, तिरप्या उन्हात, आणि तिला ओळखल्यावर त्याचा चेहरा जसा उघडत गेला, तो तिने सगळा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाहिला.

दोघांनी पाय टेकले. मधे सायकलीच्या लांबीएवढं अंतर राहिलं.

"तुम्ही उलट्या दिशेने आलात," तो म्हणाला.

"एक सांगायचंय. मधे बोलू नका, नाहीतर राहून जाईल." तिने श्वास घेतला. "झऱ्यापाशी मला वेळ माहीत होती. निघायला हवं होतं. निघालो असतो तर पूल वेळेत मिळाला असता. मी मुद्दाम बसून राहिले... मला बसायचं होतं. ती अकरा मिनिटं माझी आहेत. तुमच्या सोमवारातून मी चोरली. आणि पुलावर तोंड उघडलं नाही."

वाऱ्याने पॉप्लरची पानं सळसळली. त्याने हँडलवरचा कापूस झटकला.

"आपण बसलो होतो तेव्हा खालच्या गावात एकाचा टोला पडला," तो म्हणाला. "मग सव्वाचा. त्या घंटेला तडा गेलाय, आवाज फाटतो. मी सूर लावणारा माणूस आहे हो. मला घंटा ऐकू येणार नाही?"

"माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"तू बसली होतीस म्हणून."

तिच्या तोंडून 'तुम्ही'चा 'तू' निसटला होता, आणि त्याने तो तसाच परत दिला होता. मारियोनाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने तो शब्द मागे घेतला नाही. त्यानेही नाही.

"पण नंबर काढला तेव्हा तुझा चेहरा..."

"तेव्हा वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? गाडीत बसायला निघालोच होतो. पाय आत टाकला, आणि रेडिओ चालू होता."

"मॅच?"

"हवामान. पण तू डोळ्यांसमोर आलीस. म्हटलं, नंबर गेला, पाय तर आहे." तो हसला. "मग दोन किलोमीटरवर झाडाखाली आडवा झालो तो पाच वाजता उठलो. शूरपणात एवढी झोप बसत नाही, मला कल्पना आहे."

तिने खिशातून पाव काढले. ते दोघांनी उभ्या उभ्याच खाल्ले. मग ती सायकल वळवून सवयीने त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मागे नको," तो म्हणाला. "दिवसभर मान वळवून वळवून आखडली माझी. शेजारी ये."

वाट दोन सायकलींपुरती होती, जेमतेम. हँडलं मधेच एकमेकांना घासत होती. डावा पाय दुखला की तो गप्प व्हायचा, आणि ती न विचारता हळू व्हायची. एकदा त्याने हात लांब करून तिच्या केसांतला कापूस काढला, सायकल डगमगली, आणि तिने त्याचं मनगट धरलं. मग ते लगेच सोडायचं कारण तिला सुचेना.

शहराचे मनोरे दिसायला लागले तेव्हा तो म्हणाला, "हे काम एकट्याचं नसतं. मी आत नळ्यांमध्ये असतो, बाहेर कुणाला तरी पट्टी दाबून धरावी लागते. आधी उस्ताद धरायचे. आता त्यांना थंडी बाधते."

"मला सूर कळत नाहीत."

"कळायला नकोत. मी पुढची म्हटलं की पुढची दाबायची. ...सोमवारी सुट्टी मिळेल?"

"मावशीला विचारावं लागेल," ती म्हणाली. पण ती येणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी डोंगरातल्या एका लहान गावच्या चर्चमध्ये त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. आत गारवा होता, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. ऑर्गनच्या भिंतीएवढ्या लाकडी पेटीत शिडी उभी लावली होती. फेरिओल तिच्या तळाशी उभा राहिला, आणि त्याची डावी मांडी थरथरायला लागली. मारियोनाला विजारीच्या कापडावरून ती दिसत होती.

ती पुढे झाली नाही. त्याने पाय ठेवला. दुसरा. पाच, सहा. नवव्या पायरीवर तो थांबला. बराच वेळ थांबला. बाहेर कोंबडा आरवला, कुणीतरी बादली ओतली.

"हात सैल सोड," मारियोना खालून म्हणाली. "आवळलेस की पडशील. नजर वर."

दहा. अकरा. मग सतरापर्यंत तो एकदाही थांबला नाही, आणि नळ्यांच्या रांगांआड दिसेनासा झाला. वरून त्याचा मोठा, लांब श्वास तेवढा ऐकू आला.

"उस्तादांना सांगशील?" तिने विचारलं.

"आधी काम. मधली पट्टी दाब. शाईची खूण केलीय ती."

तिने दाबली. चर्चभर एक सूर पसरला, भिंतींना टेकून परत आला. आतून हातोडीची टकटक. "पुढची." तिने पुढची दाबली. "पुढची." असं बराच वेळ चाललं. खिडकीतलं ऊन बाकांवरून सरकत सरकत तिच्या हातांवर आलं.

"आता ही धरून ठेव," तो म्हणाला. मग आतून नुसता सूरच येत राहिला. टकटक नाही, काही नाही.

"फेरिओल?"

"ऐकतोय. ...मारियोना, एक सांगू? पट्टी सोडायची नाही, काहीही ऐकलंस तरी."

"नाही सोडत."

"तू मला आवडतेस. नाइटिंगेल उडाला ना, तेव्हापासून."

सूर चालूच होता. तिचं बोट पट्टीवर होतं, आणि बोटात काळजाचे ठोके पडत होते.

"हे तोंडावर नाही सांगता आलं?"

"तोंडावर सांगायचं तर खाली यावं लागेल. मी आत्ताच तर चढलोय."

मारियोना हसली. मग तिने दुसरा हात उचलला आणि वरच्या सप्तकातली तीच पट्टी, त्याने न सांगताच, दाबली. दोन सूर एकमेकांना घासले. जवळ येत होते, लांब जात होते, हवेत एक थरथर उठली होती.

"ही मी मागितली नव्हती," आतून आवाज आला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "हे माझं उत्तर आहे. लाव सुरात."

मग अगदी हलकी टकटक, एकेक. थरथर मंद झाली. आणखी मंद. मग दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की दोन होते हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

"आता?" तिने विचारलं.

"आता थोडा वेळ तशीच धर," तो म्हणाला.

तिने धरून ठेवली.